माजघर जांभळं करायचंय, पण भिंत सुकली का?

मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या, की कोकणातल्या घरात जी खोली मुळातच काळोखी आहे तिला पांढरा फासून ती उजळत नाही. पांढरा रंग उजेड परत फेकतो हे खरं, पण आधी उजेड आत यायला तर हवा, नाहीतर तो नुसता राखाडी आणि उदास दिसतो, त्यापेक्षा तिथे गडद रंग द्या आणि दिवे नीट लावा. त्यावर भरपूर पत्रं आली आणि बहुतेकांना एकच रंग हवाय, गडद जांभळा. कोणी वांगी म्हणतंय, कोणी करवंदी, कोणी वाईन. म्हणून यावेळचं सगळं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं राजापूरजवळ आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं घर आहे. माजघराला एकच खिडकी, ती पण पडवीत उघडते. आम्ही मुंबईला असतो, गणपतीला आणि मे महिन्यात गावी जातो. मिसेसना माजघर अगदी वांग्यासारखं गडद जांभळं करायचंय, गणपतीच्या आधी जुलैमध्ये रंग काढून घ्यावा असं चाललंय. खाली दोन फुटांपर्यंत दरवर्षी ओल येते, ती गडद रंगाने झाकली जाईल ना? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : दादा, नाही झाकली जाणार, आणि जुलैमध्ये तर अजिबात रंग काढू नका. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, आमच्या स्वतःच्या घरात झालेलं आहे. आईची खोली, देवघराला लागून, जुलैच्या शेवटी पेंटर मोकळा मिळाला आणि गणपती तोंडावर होते म्हणून गडद जांभळा लावून घेतला. चार दिवस इतकी सुंदर दिसली ती खोली की शेजारच्या वहिनी बघायला आल्या. गौरी यायच्या दिवशी बघते तर पलंगाच्या मागे भिंतीवर लिंबाएवढा फुगा, बोटाने दाबला तर आत चक्क पाणी, आणि फुटल्यावर त्या जांभळ्या पापुद्र्याच्या मागे पांढरी, मिठासारखी पूड. तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार. पांढऱ्या भिंतीवर हीच पूड चार वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती, जांभळ्यावर ती पार दारातून दिसायला लागली. पेंटरचा काही दोष नव्हता, भिंतच ओली होती, आणि आईने महिनाभर ओटीवर झोपून काढलं याचं मला अजून वाईट वाटतं.

आता तुमच्या घरात काय होतंय ते बघा. चिरा म्हणजे जांभा दगड, त्यात छिद्रंच छिद्रं, पाणी पितो. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं आणि येताना क्षार घेऊन येतं. आजोबांच्या वेळी भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वरून चुनाच असायचा, तो वाफ बाहेर सोडायचा, म्हणून भिंत उन्हाळ्यात आपोआप सुकायची. आपण त्यावर सिमेंट, लांबी (पुट्टी) आणि प्लॅस्टिकसारखा इमल्शनचा थर चढवतो आणि पाण्याची वाट बंद करतो, मग ते पाणी रंगालाच ढकलून बाहेर येतं. रंग कितीही भारीतला घ्या, हेच होणार.

म्हणून आधी घराबाहेर जा. पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडतायत का बघा. पडत असतील तर पन्हळ लावून पाणी लांब न्या. भिंतीला टेकून मातीचा ढीग असेल, कोणी लाकडं रचून ठेवली असतील, तर ती हलवा आणि पाणी वाहून जायला चर काढा. अर्धी ओल तिथेच कमी होते, आणि खर्च म्हणाल तर एका गड्याची दोन दिवसांची मजुरी.

मग आत. खालचे अडीच-तीन फूट जिथे सिमेंट थापलं असेल तिथलं ते काढून परत चुन्याचा गिलावा करून घ्या आणि त्या पट्ट्याला जांभळा लावूच नका. तिथे चुन्यात काव घालून तांबडा हात द्या. काव म्हणजे लोखंडाची माती, ती चुन्यात वर्षानुवर्षं टिकते आणि वाफही अडवत नाही, पोपडा आला तरी पुढच्या वर्षी घरच्या घरी परत हात मारता येतो. त्याच्या वर लाकडाची एक बारीक पट्टी, आणि पट्टीच्या वर तुमच्या मिसेसचा वांगी जांभळा. खाली तांबडा, वर जांभळा हे ऐकायला भडक वाटेल पण चिऱ्याच्या घरात ते फार शोभतं, फक्त जांभळा लाल झाक असलेला निवडा. निळ्याकडे झुकणारा घेतलात तर जांभ्याच्या तांबड्याशी त्याचं भांडण होतं, दोन्ही मळके दिसतात. (चुन्यातच जांभळा कालवून गडद रंग होईल का असं कोणीतरी विचारणार, तर नाही. चुना स्वतः पांढरा, कितीही पूड घाला, फिकाच येतो. वाफ सोडणारे सिलिकेटचे मिनरल पेंट मिळतात, त्यात गडद शेड होते पण ते महाग पडतात.)

वरची भिंत सुकी आहे का ते ओळखायला एक सोपी टेस्ट आहे. एक फूट बाय एक फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला हवा आत जाणार नाही असा बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढताना आतल्या बाजूला दव दिसलं किंवा तेवढी भिंत काळपट झालेली दिसली तर थांबा. पाऊस संपल्यावर भिंती सुकायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो, म्हणून शिमग्याला गावी जाल तेव्हा टेस्ट लावा आणि एप्रिलमध्ये रंग काढा. मला माहितीये की आपल्याकडे सगळं गणपतीच्या आधी करायची पद्धत आहे, चाकरमानी येणार म्हणून घर नवं दिसायला हवं, पण आपल्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून-जुलैमध्येच. त्या हवेत एक हात सुकायला दिवस जातो, आणि पेंटर बिचारा घाईत दुसरा हात मारून मोकळा होतो.

प्रश्न : नव्या घराच्या हॉलला गडद जांभळा लावायची माझी फार हौस आहे, नवऱ्याची ना नाही. पण सासूबाई म्हणतात, "घरात ह्यो काळोख कित्याक हाडतंस?" (कशाला आणतेस) आणि शेजारच्या काकी म्हणतात वास्तूला चालत नाही. सासूबाईंना दुखवायचं पण नाही, काय करू? (कुडाळ)

उत्तर : वास्तूचं मी बोलणार नाही, तो माझा विषय नाही. पण सासूबाई जे म्हणतायत ना ते नीट ऐका, कारण त्या रंगाबद्दल बोलतच नाहीयेत, त्या उजेडाबद्दल बोलतायत, आणि ते खरं आहे. वय वाढलं की डोळ्यांत उजेड कमी पोचतो. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला 80 टक्क्यांहून जास्त परत देते, तुम्हाला हवाय तो जांभळा 10 टक्केसुद्धा देत नाही (शेडकार्डवर एलआरव्ही म्हणून जो आकडा असतो तो हाच). त्यात आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. रात्री दोन वाजता लाइट गेलेली, त्यांना न्हाणीघराकडे जायचंय, भिंत काळी, दार काळं, उंबरठा काळा, अशा वेळी त्या पडल्या तर? मी त्यांच्या जागी असते तर मी पण नाहीच म्हटलं असतं.

म्हणून आधी त्यांची वाट उजळा. दाराच्या चौकटी पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या ठेवा, उंबरठ्याला पिवळा ऑइलपेंट द्या म्हणजे अंधुकात पण तो दिसेल, स्विचबोर्ड पांढरेच ठेवा, आणि त्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत खाली गुडघ्याच्या उंचीवर दोन छोटे एलईडी इनव्हर्टरवर घ्या. त्यांची स्वतःची खोली त्यांना हव्या त्या रंगाची. हे सगळं त्यांना सोबत घेऊन करा, रंग लावायच्या आधी.

आणि हॉलमध्ये सुरुवात गणपतीच्या भिंतीपासून करा असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे सिंधुदुर्गात गणपती बसतो ती भिंत दरवर्षी रंगवायची, तिच्यावर चित्र काढायची जुनी रीत आहेच, तेव्हा तिथे रंग बदलणं कोणाला खटकत नाही. गडद जांभळ्यासमोर माटवीची (गणपतीच्या वर बांधतात ती) हिरवी पानं, कवंडळाची फळं, नारळ, हरणाची पिवळी फुलं, लाल जास्वंद, समईचं पितळ, सगळं असं काही उठून येतं की वेगळी लायटिंग लागत नाही. सासूबाईंकडे नवरात्रातल्या जांभळ्या दिवसाची एखादी साडी असेल तर ती त्या भिंतीवर धरून शेड निवडा, त्यांच्याच हाताने. दोन सण गेले की बाकीच्या हॉलचं विचारा, आणि तेव्हाही नको म्हणाल्या तर ती एक भिंत पुष्कळ झाली.

प्रश्न : दुकानात शेडकार्डवर मस्त पिकल्या जांभळासारखा दिसत होता तो रंग घेतला. घरी दिवसा ठीक वाटतो, ट्यूब लावली की शाईसारखा निळा, बेडरूमच्या पिवळ्या बल्बखाली चॉकलेटी. शिवाय दोन हात होऊनही भिंतीवर पॅच दिसतायत. पेंटर म्हणतो रंग खराब आहे, दुकानदार म्हणतो पेंटर खराब आहे. (चिपळूण, तळमजल्यावरचा फ्लॅट)

उत्तर : दोघंही खराब नसतील. जांभळा हा लाल आणि निळा यांच्या मध्ये बसलेला रंग, त्यामुळे दिव्यात जे जास्त असेल तिकडे तो कलतो. 6500 केल्विनच्या (हे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचं माप) पांढऱ्या ट्यूबमध्ये निळा जास्त म्हणून शाई, 2700 च्या पिवळ्या बल्बमध्ये लाल-पिवळा जास्त म्हणून चॉकलेट. बाकी रंगांमध्ये पण हे होतं पण जांभळ्याइतकं लबाड वागणं कोणाचं नाही. रंग बदलू नका, दिवे बदला. 3000 ते 4000 च्या मधले घ्या, खोक्यावर सीआरआय (त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात तो आकडा) 90 किंवा जास्त लिहिलेलं बघून, आणि छताच्या मध्ये एकच मोठा लावण्यापेक्षा तेवढाच उजेड तीन-चार ठिकाणी, खालच्या उंचीवर वाटून लावा. गडद भिंतीवर दिवा जवळून पडला की तेवढाच जांभळा जागा होतो, बाकीचा मागे सरकतो, खोली उलट खोल वाटते.

पॅचचं कारण वेगळं. गडद शेड दुकानात मशीनवर डीप बेसमध्ये, म्हणजे गडद रंगांसाठीच्या तयार मूळ रंगात, बनवतात, त्या बेसमध्ये पांढरं टायटॅनियम नावापुरतं असतं. खालचा रंग झाकायचं काम मुख्यतः टायटॅनियम करतं, म्हणून असा गडद रंग दोन हातांत सहसा झाकत नाही, खालचा पांढरा प्रायमर डोकावत राहतो. आता तुमचे दोन हात झालेच आहेत तर पूर्ण सुकू द्या, हलका पॉलिशपेपर मारून धूळ पुसा आणि तिसरा हात एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता, रोलर शेवटी वरून खाली एकाच दिशेने सोडत घ्या. मध्ये चहाला थांबलं की तिथे जोड दिसतो, खरंच दिसतो. पुढच्या खोलीला प्रायमरच राखाडी करून घ्या, म्हणजे त्रास निम्मा. आणि सगळा रंग एकदम घ्या, डबे एका बादलीत ओतून ढवळून मग वापरा, कारण दोन वेळा बनवलेल्या डब्यांत थोडा फरक येतोच.

तळमजला म्हणताय म्हणून विचारते, 2021 च्या जुलैच्या पुरात तुमच्याकडे पाणी शिरलं होतं का? शिरलं असेल आणि पाणी होतं त्या उंचीपर्यंत अजून पापुद्रे सुटत असतील तर वरवर काही करून उपयोग नाही. तेवढा गिलावा काढून नवा करावा लागेल आणि नव्या गिलाव्यावर किमान 28 दिवस तरी रंग नको, आपल्या हवेत तर दीड-दोन महिने गेलेले बरे.

प्रश्न : जांभळा लवकर विटतो असं म्हणतात, खरं का? आणि हा रंग राजेशाही कसा झाला? (दापोली)

उत्तर : कोकमाचा डाग साबणाने धुवायला जाता तेव्हा काय होतं आठवा. लाल-जांभळा डाग बघता बघता निळसर, मळका होतो, कारण साबण क्षारी. नव्या सिमेंटचा गिलावा पण असाच क्षारी असतो, तो पुरता मुरायच्या आत त्यावर रंग दिला तर काही रंगद्रव्यं अशीच मरतात आणि भिंतीवर फिकट डाग उठतात, मग लोक म्हणतात जांभळा विटला. दुसरं कारण ऊन. हल्लीच्या चांगल्या इमल्शनमध्ये डायऑक्साझिन व्हायोलेट नावाचं द्रव्य असतं, ते उन्हाला बऱ्यापैकी टिकतं, तरी पश्चिमेच्या खिडकीतून रोज थेट ऊन पडतं ती भिंत मी सोडून देईन.

राजेशाहीचं म्हणाल तर भूमध्य समुद्रातल्या एका जातीच्या गोगलगायीपासून जुन्या काळी हा रंग काढायचे. 1909 साली एका जर्मन शास्त्रज्ञाने बारा हजार गोगलगायी वापरल्या तेव्हा त्यातून 1.4 ग्रॅम रंग निघाला, आता सांगा तो राजाशिवाय कोणाला परवडणार होता. पुढे 1856 मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये मलेरियावरचं क्विनीन बनवायच्या खटपटीत होता, क्विनीन काही झालं नाही पण भांड्यात जांभळा रंग सापडला, आणि तेव्हापासून जांभळा साध्या माणसाच्या कपड्यांत आला.

प्रश्न : आमच्या दोन खोल्यांच्या होमस्टेला एक भिंत जांभळी करायचा विचार आहे, समुद्र अगदी समोर. फर्निचर कुठलं शोभेल? साफसफाईला जड जाईल का? (तारकर्ली)

उत्तर : समुद्रासमोरच्या खोलीत उजेड एवढा असतो की एक जांभळी भिंत आणि तीन पांढऱ्या, म्हणजे कोणीतरी मोठा पडदा लावून विसरून गेल्यासारखं दिसतं. मला ते एक भिंतवालं पटतच नाही. समुद्राकडची खोली पांढरीच ठेवा, आणि मागे माडांकडे उघडणारी जी छोटी खोली असेल तिच्या चारही भिंती जांभळ्या करा. पाहुणा उन्हातून, वाळूतून, डोळे दिपवून आत येतो आणि त्या खोलीत त्याचे डोळे निवतात. जुन्या माजघरात दुपारी शिरल्यावर जसं व्हायचं तसं. खिडकीतून माडाचा हिरवा दिसतो तो अशा भिंतीच्या चौकटीत दुप्पट हिरवा दिसतो.

फर्निचरला फणसाचं लाकूड. रंगचक्रात जांभळ्याच्या समोरचा रंग पिवळा, आणि फणसाचं ताजं रंधलेलं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं, मग वर्षागणिक ते मधासारखं होत जातं. आमच्याकडे फणसाचं एक जुनं कपाट जांभळ्या भिंतीला लावलंय, सकाळी दार उघडलं की आधी तेच दिसतं, भिंत नंतर. शिसवी किंवा काळं पॉलिश केलेलं लाकूड तिथे हरवून जातं. बाकी पांढरी सुती मच्छरदाणी, पितळेचा एखादा तांब्या, सावंतवाडीच्या लाखकामाची लाल-पिवळी वस्तू एखादीच, बास.

साफसफाईला जड जाईल, हो. पालीची घाण जांभळ्यावर पांढरी ठिपक्यासारखी उठून दिसते, कोळिष्टकं दिसतात, आणि पूर्ण मॅट फिनिशवर ओला फडका घासला की तिथे चकाकणारा डाग राहतो जो परत जात नाही. म्हणून अगदी मॅट न घेता किंचित चमक असलेलं, धुता येणारं फिनिश घ्या आणि पुसताना घासू नका, मऊ फडक्याने टिपून घ्या. डास काळोख्या, गार भिंतीवर बसतात, तेव्हा जाळी आणि पंखा आधी, रंग नंतर. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा आठवड्यात गंजतो आणि त्याचा ओघळ भिंतीवर उतरतो, म्हणून फ्रेम टांगायला पितळी नाहीतर स्टीलचेच हुक. आधीच्या भिंतीवर बुरशी असेल तर ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवून, दहा-पंधरा मिनिटं ठेवून, साध्या पाण्याने परत धुवून पूर्ण सुकवा, आणि त्या पाण्यात दुसरं कुठलंही अॅसिड किंवा क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

प्रश्न : 10 बाय 12 च्या खोलीला किती रंग लागेल? (अलिबाग)

उत्तर : 9 फूट उंची धरली तर चार भिंती मिळून साधारण 396 चौरस फूट, दारं-खिडक्या वजा करून 340 च्या आसपास. गुळगुळीत लांबी केलेल्या भिंतीवर तीन हात धरले तर एक लिटर साधारण 80 चौरस फुटांना पुरतो, म्हणजे सव्वाचार लिटर. पाच घ्या. उरलेला छोट्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवा आणि डब्यावर शेड नंबर, तारीख आणि खोलीचं नाव मार्करने लिहा, पावसाळ्यानंतर कपाटाच्या मागे कुठेतरी हात मारायला लागेलच.